आमच्या घरातले मोरारजी

मोरारजी देसाई हे नाव मी पहिल्यांदा ऐकले ते शिवीला जोडून. बदलापूरजवळच्या आमच्या चामटोलीत, आजोबांच्या तोंडून. आजोबा संयुक्त महाराष्ट्राच्या सभांना जात. शाहीर अमर शेखांचा आवाज ऐकायला थेट मुंबई गाठत. बार्शीचा मुसलमान शाहीर मराठी राज्यासाठी गातो, याचा त्यांना कोण अभिमान! मी मराठीत कविता लिहितो त्याचे मूळ तिथेच कुठेतरी असावे. 21 नोव्हेंबर 1955 ला फ्लोरा फाउंटनपाशी गोळीबार झाला, पंधरा माणसे गेली, तेव्हा मुख्यमंत्री मोरारजी होते. पुढे हुतात्म्यांचा आकडा शंभरावर गेला. आजोबांनी ते कधी माफ केले नाही.

मोरारजी कर्मठ, आणि आपला कर्मठपणा इतरांनाही सोसेल अशी त्यांची खात्री. ते गृहमंत्री असताना, एप्रिल 1950 मध्ये, मुंबई राज्यात सरसकट दारूबंदी झाली. सुधारायचा होता पिणारा. पोसला गेला हातभट्टीवाला आणि त्याच्याकडून हप्ता घेणारा. जानेवारी 1963 मध्ये अर्थमंत्री म्हणून त्यांनी सुवर्णनियंत्रण आणले. चीनच्या युद्धानंतर परकीय चलन हवे होते, सोन्याची चोरटी आयात थांबवायची होती. हेतू वाईट नव्हता. पण चौदा कॅरटपेक्षा शुद्ध दागिना घडवायचा नाही म्हटल्यावर हजारो सोनारांच्या शेगड्या विझल्या. चोरटी आयात मात्र चालूच राहिली. अम्मीचे लग्न 1964 चे. तिच्या कुड्या चौदा कॅरटच्या. ती त्यांना ‘मोरारजीचं सोनं’ म्हणे.

हाच माणूस 1977 मध्ये, एक्क्याऐंशीव्या वर्षी, पंतप्रधान झाला. आणीबाणीने मोडलेली घटना 44 व्या दुरुस्तीने बरीचशी सावरली, हे श्रेय त्यांच्या सरकारला द्यायलाच हवे. जानेवारी 1978 मध्ये हजार आणि त्यावरच्या नोटा रद्द केल्या. आमच्या आळीत हजाराची नोट कोणी पाहिलेलीच नव्हती, त्यामुळे तिथे काही हालले नाही.

परराष्ट्र धोरणात मात्र मोरारजींनी भल्याभल्यांना चकवले. परराष्ट्रमंत्री जनसंघाचे वाजपेयी; शेजाऱ्यांशी आता खडाखडी होणार, असेच बोलले जात होते. झाले उलटेच. 1977 मध्ये बांगलादेशाशी गंगेच्या पाण्याचा करार झाला, अणुप्रश्नावर अमेरिकेच्या कार्टरना नकार ऐकवला गेला, आणि 1978 मध्ये वाजपेयी पाकिस्तानात जाऊन आले. संबंध जोडायला सुरुवात इंदिराबाईंनी 1976 मध्येच केली होती, हेही विसरू नये. पण त्या वर्षी कराचीत भारताच्या वकिलातीची कचेरी उघडली, त्याचे मोल आम्हाला विचारा. आणि उल्हासनगरच्या सिंधी कुटुंबांनाही विचारा! तोवर व्हिसासाठी कराचीच्या माणसाला हजार किलोमीटरहून दूर इस्लामाबाद गाठावे लागे.

माझी खाला कराचीत. 1979 च्या उन्हाळ्यात ती चामटोलीला आली. दोघी बहिणी पहिले दोन दिवस नुसत्या रडत होत्या. मी नऊ वर्षांचा, मला त्या रडण्याचा कंटाळा आला होता. खाला उठता-बसता मोरारजींना दुवा देई. आजोबा काही न बोलता सुपारी कातरत राहत.

आणि अब्बा वर्तमानपत्र लपवून ठेवत. त्या एप्रिलमध्ये जमशेदपूरला दंगल होऊन शंभराहून अधिक माणसे मारली गेली होती; त्याआधी अलीगढ झाले होते. 1978 मध्ये अल्पसंख्याक आयोग नेमला तो याच सरकारने. पण दंगल आवरायला आयोग नाही, करडा प्रशासक लागतो, आणि करडेपणाची ख्याती तर मोरारजींचीच! 1955 मध्ये मुंबईत दिसलेला तो करडेपणा जमशेदपुरात कुठे गेला, हे मला आजवर उमगलेले नाही. पक्षातल्या भांडणांत ते गुंतले होते म्हणावे, तर त्या भांडणांनीही जुलैत सरकार पडलेच.

1990 मध्ये पाकिस्तानने त्यांना ‘निशान-ए-पाकिस्तान’ दिले, पुढच्या वर्षी भारताने भारतरत्न. 10 एप्रिल 1995 ला ते मुंबईत वारले. कराचीची ती कचेरी त्याआधी काही महिने, 1994 मध्ये, बंद झाली होती. खाला पुन्हा आली नाही.