लेखी, समक्ष, सादर : ई-फायलिंगमागील तीन शब्दांचा इतिहास

१/ बोरिवली वा मुलुंडहून फोर्टमधील जुने सचिवालय तीस किलोमीटरहून अधिक दूर आहे. तेथेच मुंबईचे नगर दिवाणी न्यायालय भरते. उपनगरांतील पक्षकार पिढ्यान्‌पिढ्या कागदांची बाडे घेऊन लोकलने तेथे जात आले. आता दावा संगणकावरूनही दाखल होतो. मात्र यंत्र येण्याआधी कायद्यातील तीन शब्दांचे अर्थ बदलावे लागले. #थ्रेड

२/ लेखी कैफियतीची परंपरा जुनीच. मराठेशाहीत वादी-प्रतिवादी आपली ‘तकरीर’ लिहून देत, जामीन देत, निवाडा मान्य करू असे लिहून देत. निवाड्याचा ‘महजर’ होई. परंतु त्यासाठी सभेपुढे स्वतः उभे राहावे लागे.

३/ १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेनुसार (आदेश ४, नियम १) वादपत्र न्यायालयाला किंवा नेमलेल्या अधिकाऱ्याला ‘सादर’ केले की दावा सुरू होतो. व्यवहारात याचा अर्थ एकच होता : कोणीतरी तेथे जाऊन कागद हाती द्यायचा.

४/ येथे अंतराला किंमत होती. १९६३ च्या मुदत कायद्यानुसार शेवटच्या दिवशी न्यायालय बंद असेल, तर ते उघडेल त्या दिवशी दावा दाखल करता येतो. पण न्यायालय उघडे असून पक्षकारच पोहोचला नाही तर? कलम ५ खालील विलंबमाफी अपिलांना आणि बहुतेक अर्जांना मिळू शकते. मूळ दाव्याला नाही. एका दिवसाने हक्काचा दावा बुडू शकतो.

५/ नगर दिवाणी न्यायालयाचा कायदा १९४८ चा. पुढे १९५० व १९५७ मध्ये बृहन्मुंबईच्या सीमा वाढत दहिसर-मुलुंडपर्यंत गेल्या. शहर उत्तरेला सरकले, दिवाणी दाव्याची खिडकी मात्र दक्षिणेलाच राहिली. अंधेरी, बोरिवली, मुलुंड येथे दंडाधिकारी न्यायालये आली. दिंडोशीचे न्यायालय त्यामानाने अलीकडचे.

६/ पहिला शब्द : ‘लेखी’. १७ ऑक्टोबर २००० रोजी माहिती तंत्रज्ञान कायदा अमलात आला. जेथे कायदा लेखी मजकूर मागतो, तेथे इलेक्ट्रॉनिक अभिलेख चालेल, असे त्याच्या कलम ४ ने ठरवले. कलम ५ ने डिजिटल स्वाक्षरीला मान्यता दिली.

७/ दुसरा शब्द : ‘समक्ष’. मुंबईतील एका खटल्यात अमेरिकेतील डॉक्टरची साक्ष हवी होती. दंडाधिकाऱ्यांनी दूरचित्रसंवादाने ती घेण्यास परवानगी दिली; उच्च न्यायालयाने ती रद्द केली. १ एप्रिल २००३ रोजी ‘महाराष्ट्र राज्य विरुद्ध डॉ. प्रफुल्ल देसाई’ या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ती ग्राह्य धरली : समक्षतेसाठी देहाने हजर असणे अनिवार्य नाही.

८/ तिसरा शब्द : ‘सादर’. २ ऑक्टोबर २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयात ई-फायलिंग सुरू झाले. २००५ च्या राष्ट्रीय धोरणातून आलेल्या ई-कोर्ट्स प्रकल्पाने पुढे कनिष्ठ न्यायालये जोडली आणि प्रत्येक प्रकरणाला १६ अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक दिला. मार्च २०२० मध्ये महासाथीने दारेच बंद झाली. सर्वोच्च न्यायालयाने १५ मार्चपासून मुदती वाढवल्या. ई-फायलिंग सोयीऐवजी गरज ठरले.

९/ सप्टेंबर २०२३ मध्ये केंद्राने तिसऱ्या टप्प्यासाठी ७,२१० कोटी रुपये मंजूर केले. तरीही सक्तीचा प्रश्न आला तेव्हा महाराष्ट्रातील वकील संघटनांनी विरोध केला. स्कॅनर, इंटरनेट, प्रशिक्षण नसलेल्याने काय करायचे? ई-सेवा केंद्रे याच प्रश्नाचे उत्तर म्हणून निघाली.

१०/ म्हणून ‘सादर’ शब्दाचा इतिहास अजून संपलेला नाही. पूर्वी घाटकोपरच्या पक्षकाराला फोर्टचे अंतर आडवे येई. आता पासवर्ड, पीडीएफ आणि ऑनलाइन शुल्क आडवे येऊ शकते. मुदत मात्र कोणासाठीच थांबत नाही.