वाक्प्रवाहदोष संशोधक
वाक्प्रवाहदोषांचा, मुख्यतः तोतरेपणाचा, अभ्यास करणारा वाक्‌शास्त्रज्ञ. बोबडेपणाशी तोतरेपणाची गल्लत होते, तो उच्चारदोष. महाराष्ट्रात यासाठीचे शिक्षण मुंबईत नायर रुग्णालयाशी संलग्न टोपीवाला महाविद्यालयात व वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत (स्थापना १९८३) मिळते. पदवी, पदव्युत्तर पदवी, भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी, पुढे पीएच.डी. काम चिकाटीचे: ध्वनिमुद्रण पुन्हापुन्हा ऐकून ‘क-क-कमळ’ ही पुनरुक्ती, ‘सऽऽऽमई’ हा लांबवलेला वर्ण आणि अडलेला आवाज वेगवेगळे टिपायचे, शंभर अक्षरांमागे मोजायचे. या क्षेत्रातील अमेरिकी संशोधक वेंडेल जॉन्सन (१९०६–१९६५) स्वतः तोतरे बोलत. त्यांच्या देखरेखीखाली १९३९ मध्ये अनाथ मुलांवर झालेला प्रयोग मात्र या शास्त्रावरचा डागच. जॉन्सन यांच्या आयोवा विद्यापीठाने त्याबद्दल २००१ मध्ये माफी मागितली.