उंच पेल्यातलं जास्त सरबत

एकसारखे दोन पेले, दोन्हींत सारखंच सरबत. चार-पाच वर्षांच्या मुलाला विचारायचं, दोन्हींत सारखं आहे ना? मूल वाकून, डोळे बारीक करून बघतं आणि हो म्हणतं. मग त्याच्या डोळ्यांदेखत एका पेल्यातलं सरबत उंच, अरुंद पेल्यात ओतायचं आणि पुन्हा विचारायचं. आता ते बेधडक उंच पेल्याकडे बोट दाखवतं: यात जास्त. सरबत जुन्या पेल्यात परत ओतलं, की पुन्हा सारखं! सातव्या-आठव्या वर्षी त्याच मुलाला हा प्रश्नच खुळचट वाटू लागतो.

बालमानसशास्त्रातला हा बहुधा सर्वांत जास्त वेळा केला गेलेला प्रयोग स्वित्झर्लंडच्या झाँ पियाजेच्या नावावर आहे. त्याचं कूळ शोधत मागे गेलं, तर मात्र आधी सरबत लागत नाही. लागतं तीन मुलींच्या केसांविषयीचं एक कोडं.

1905 साली पॅरिसमध्ये आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमाँ यांनी बुद्धिमापनाची पहिली श्रेणी तयार केली. शाळेत मागे पडणारी मुलं वेळेत ओळखावीत, एवढाच तिचा हेतू होता. 1911 मध्ये बिने गेला. त्याची पॅरिसच्या एका शाळेतली प्रयोगशाळा जवळजवळ रिकामीच पडली, कारण सिमाँचा मुक्काम रुआँ शहरात. अशा वेळी तिथे पियाजे येऊन पोचला. वयाची पंचविशीही न गाठलेला, गोगलगाई-शिंपल्यांच्या अभ्यासावर 1918 मध्ये डॉक्टरेट मिळवलेला हा तरुण. सिमाँने त्याला काम दिलं ते हमालीचंच म्हणावं असं: लंडनच्या सिरिल बर्टने बनवलेल्या तर्काच्या चाचण्या पॅरिसच्या मुलांवर ताडून बघायच्या, कोणत्या वयाला किती उत्तरं बरोबर येतात ते मांडायचं.

त्यातलं एक कोडं असं. एडिथचे केस सुझनपेक्षा फिके आहेत. एडिथचे केस लिलीपेक्षा गडद आहेत. तिघींत सर्वांत गडद केस कोणाचे?

उत्तर सुझन. पण बरीच मुलं लिली म्हणत. चाचणी घेणाऱ्याने तिथे चुकीची खूण करून पुढे जायचं, हा रिवाज. पियाजे तिथेच अडला. त्याने मुलांना बोलतं केलं, तेव्हा त्या चुकीतली शिस्त दिसू लागली. ‘एडिथ सुझनपेक्षा फिकी’ म्हणजे त्या दोघी फिक्या. ‘एडिथ लिलीपेक्षा गडद’ म्हणजे त्या दोघी गडद. मग सुझन नुसती फिकी, लिली नुसती गडद आणि एडिथ मधली. खऱ्या क्रमाच्या बरोबर उलटा क्रम, पण अंदाजपंचे सांगितलेला नव्हे. नातं ही काय चीज आहे ते मुलाला अजून उमगलेलं नाही. ‘च्यापेक्षा’ हा शब्द त्याच्या कानावर पडतो आणि गळून जातो.

बोलतं करण्याची ही हातोटी पियाजेने वेड्यांच्या इस्पितळात उचलली होती. पॅरिसच्या सँत-आन रुग्णालयात तो मनोरुग्णांची मुलाखत घ्यायला शिकला होता. ठरावीक प्रश्नावली नाही. रुग्ण नेईल त्या दिशेने जायचं, पण शोध आपलाच चालू ठेवायचा. तीच रीत त्याने शाळकरी मुलांना लावली. या कामावरचा त्याचा लेख जिनिव्हाचा मानसशास्त्रज्ञ एदुआर क्लापारेद याला इतका आवडला की 1921 मध्ये त्याने पियाजेला आपल्या रूसो संस्थेत नोकरीच दिली.

तरीही सरबत अजून दूर होतं. पहिली काही वर्षं सगळा कारभार तोंडी चालला: चंद्र आपल्याबरोबर का चालतो, स्वप्नं कुठून येतात. 1925 ते 1931 या काळात पियाजेला स्वतःची तीन मुलं झाली आणि या तोंडी पद्धतीची उणीव त्याला कळली. झाक्लीन, ल्युसिएन आणि लोराँ बोलायला लागण्याआधीच हातांनी, डोळ्यांनी विचार करत होती. चादरीखाली लपवलेली वस्तू शोधणाऱ्या बाळाला प्रश्न विचारता येत नाही. त्याची धडपड पाहावी लागते. मग मोठ्या मुलांसमोरही नुसते शब्द का ठेवायचे? त्यांच्या हाती वस्तू द्यावी आणि तिच्यावरच गप्पा माराव्यात.

या वळणावर दोन स्त्रियांची नावं येतात, आणि पाठ्यपुस्तकं ती सहसा गाळतात. बार्बेल इनहेल्डर ही पियाजेची विद्यार्थिनी. पाण्यात विरघळलेल्या साखरेचं काय झालं, हे तिने मुलांना विचारलं; लहानांच्या मते साखर नाहीशीच झाली होती. दुसरी पोलंडची अलिना शेमिंस्का. पेल्यांचे आणि रांगेत मांडलेल्या वस्तूंचे प्रयोग 1941 मध्ये ज्या पुस्तकात आले, त्यावर पियाजेबरोबर तिचंही नाव आहे. ती तोवर वॉर्सात परतली होती. पुढे नाझींनी तिला आउशवित्झच्या छळछावणीत डांबलं. ती वाचली आणि पुन्हा संशोधनाला लागली.

त्या पुस्तकाचं इंग्रजी भाषांतर 1952 मध्ये निघालं आणि साठच्या दशकात पेले जगभर फिरू लागले. आज महाराष्ट्रात शिक्षक पात्रता परीक्षेला बसणारा उमेदवारही मुलांच्या विचाराच्या वाढीच्या पियाजेने सांगितलेल्या चार अवस्था वयोगटांसकट घोकतो आणि चारांपैकी एका पर्यायावर खूण करतो. बरोबर उत्तरं मोजण्याचा कंटाळा आलेल्या माणसाच्या वाट्याला हे यावं, याची गंमत वाटल्याशिवाय राहत नाही.

पेले फिरले तशी उत्तरंही वेगळी येऊ लागली. सेनेगलमध्ये मानसशास्त्रज्ञ पॅट्रिशिया ग्रीनफील्डने वोलोफ मुलांसमोर ते मांडले, तेव्हा शाळेत न गेलेली काही मुलं म्हणाली, पाणी वेगळं झालं कारण तुम्ही ओतलंत. ओतणाऱ्या पाहुणीच्या हातात काहीतरी करामत आहे असं त्यांना वाटे. ग्रीनफील्डने पाणी त्यांनाच ओतायला लावलं आणि कितीतरी मुलांचं उत्तर बदललं. ‘तुला असं का वाटतं?’ या प्रश्नावर ती मुलं गप्प बसत. ‘असं का आहे?’ विचारलं की बोलत. हे 1966 मध्ये छापून आलं. तीन वर्षांनी मेक्सिकोतल्या कुंभारांच्या मुलांची पाहणी प्रसिद्ध झाली. मातीच्या गोळ्याचा आकार बदलला तरी माती तेवढीच राहते, हे ओळखण्यात ती इतर मुलांच्या पुढे होती. त्यांचा दिवसच मातीत जाई.

मग संशय मुलावरून विचारणाऱ्यावर सरकला. मोठ्या माणसाने तोच प्रश्न दुसऱ्यांदा विचारला, की पहिलं उत्तर चुकलं असणार, हे कोणत्याही वर्गातल्या मुलाला ठाऊक असतं. 1974 मध्ये सुझन रोझ आणि मॅरियन ब्लँक यांनी पहिला प्रश्न गाळून फक्त शेवटचाच विचारला. सहा वर्षांच्या मुलांच्या चुका कमी झाल्या. एडिंबरोत जेम्स मॅकगॅरिगल आणि मार्गारेट डोनाल्डसन यांनी तर सारख्याच चकत्यांच्या दोन रांगा मांडल्या आणि त्यांतली एक विस्कटायला खोडकर टेडी अस्वल आणलं. चार ते सहा वयाची 80 मुलं. मोठ्या माणसाने मुद्दाम रांग लांबवली, तेव्हा 13 जणांनी चकत्या तेवढ्याच आहेत असं सांगितलं. अस्वलाने येऊन घोळ घातला, तेव्हा 50 जणांनी.

पियाजेचे टीकाकार खूश झाले. पण 1986 मध्ये ख्रिस मूर आणि डग्लस फ्राय यांनी अस्वलाचीच परीक्षा घेतली. या खेपेला त्यांच्या अस्वलाने खोडी काढताना चकत्यांची संख्याही खरोखर बदलली, आणि बरीच मुलं तरीही ‘सारखंच’ म्हणत राहिली. अस्वलाच्या दंग्यात त्यांचं चकत्यांकडे नीट लक्षच नव्हतं.