हवामान बदल रोखण्यासाठी झालेले आंतरराष्ट्रीय करार

कोळसा, खनिज तेल व नैसर्गिक वायू जाळल्याने कार्बन डायऑक्साइड वातावरणात साठत जातो व पृथ्वीचे तापमान वाढते. एका देशाच्या धुराड्यातून निघालेला हा वायू साऱ्या जगाच्या हवेत मिसळतो. म्हणून त्यावरील उपायही सर्व राष्ट्रांनी मिळून करणे भाग आहे. ह्या दृष्टीने आजवर तीन प्रमुख करार झाले. कोणी किती भार उचलावा, हा त्या तिन्हींमधील कळीचा प्रश्न आहे.

रिओ करार (१९९२)

रिओ दि जानेरो येथील वसुंधरा परिषदेत संयुक्त राष्ट्रसंघाचा आराखडा करार स्वाक्षरीसाठी मांडण्यात आला. १९९४ साली तो अंमलात आला. त्यात कपातीचे बंधनकारक आकडे नव्हते. मात्र ‘समान, परंतु भिन्न जबाबदारी’ हे तत्त्व त्याने प्रस्थापित केले. ज्यांनी दीर्घकाळ धूर सोडून समृद्धी मिळविली, त्यांनी प्रथम पाऊल उचलावे, असा त्याचा आशय आहे.

क्योटो करार (१९९७)

ह्या तत्त्वानुसार औद्योगिक राष्ट्रांनी २००८ ते २०१२ ह्या काळात आपले उत्सर्जन १९९० च्या पातळीपेक्षा सरासरी सुमारे ५ टक्क्यांनी कमी करावे, असे ठरले. भारत, चीन आदी विकसनशील देशांवर असे बंधन नव्हते. अमेरिकेने २००१ मध्ये करार नाकारला. रशियाच्या मान्यतेनंतर १६ फेब्रुवारी २००५ रोजी तो अंमलात आला. पुढे २०११ मध्ये कॅनडाने माघार जाहीर केली. करार बंधनकारक होता, परंतु मोठे उत्सर्जक त्याच्या कक्षेबाहेर राहिले.

पॅरिस करार (२०१५)

येथे उलट मार्ग स्वीकारला गेला. तापमानवाढ २ अंश सेल्सिअसच्या बरीच खाली ठेवावी व ती १.५ अंशावर रोखण्याचा प्रयत्न करावा, हे उद्दिष्ट ठरले. प्रत्येक राष्ट्र आपले लक्ष्य स्वतः ठरविते व दर पाच वर्षांनी नवे लक्ष्य सादर करते. ते न गाठल्यास दंड नाही. त्यामुळे जवळजवळ सर्व देश सहभागी झाले. भारताने २ ऑक्टोबर २०१६ रोजी करारास मान्यता दिली. अमेरिका २०२० मध्ये बाहेर पडली, २०२१ मध्ये परतली आणि २०२५ मध्ये तिने पुन्हा माघार जाहीर केली.

पोपपीठाचा सहभाग

पॅरिस परिषदेपूर्वी, जून २०१५ मध्ये, पोप फ्रान्सिस ह्यांचे ‘लाउदातो सी’ हे परिपत्रक प्रसिद्ध झाले. श्रीमंत राष्ट्रे गरीब राष्ट्रांचे पर्यावरणीय ऋण लागतात, असे त्यात प्रतिपादन आहे. २०२२ मध्ये पोपपीठ आराखडा करारात व पॅरिस करारात सामील झाले.

त्याच वर्षी शर्म अल-शेख येथे आपत्तिग्रस्त गरीब देशांच्या हानीसाठी निधी उभारण्याचे ठरले. २०२३ मध्ये दुबई येथील ठरावात खनिज इंधनांपासून दूर जाण्याचा प्रथमच स्पष्ट उल्लेख झाला. ऋण मान्य झाले असले, तरी त्याची फेड मात्र राष्ट्रांच्या इच्छेवरच सोपविलेली आहे.