मांजराची सर्दी

एकतीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला. त्या सगळ्या वर्षांत पाठ्यपुस्तकात घोडे भेटले, हत्ती भेटले, उंट आणि बैलही भेटले, पण मांजर एकदाही भेटलं नाही. लढाईला नाही, नांगराला नाही, मोटेला नाही, तर त्याचा इतिहास कोण लिहिणार? हे लक्षात यायला मात्र मला सत्तरी ओलांडावी लागली, आणि तेही एका चारशे ग्रॅमच्या पिल्लामुळे.

जनावरांच्या डॉक्टरकीचा इतिहास पाहिला तर हेच दिसतं. फ्रान्समध्ये लियाँ इथे 1761 साली पशुवैद्यकाची पहिली शाळा मंजूर झाली, ती घोड्यांसाठी आणि गुरांच्या साथीसाठी. आपल्याकडे मुंबईत परळला बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाचं जनावरांचं इस्पितळ झालं आणि 1886 साली त्याच आवारात पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झालं. तिथेही मुख्य रुग्ण म्हणजे गाड्यांचे बैल आणि ट्रामचे घोडे. बैल मेला तर गाडीवानाचं घर बसे. मांजर मेलं तर दुसरं येई. त्या काळच्या लोकांना दोष द्यावा असं मला वाटत नाही, पोटाचा हिशेब असा रोखठोकच असतो.

एकदाच मांजराला सरकारी माणसाकडून मान मिळाला, तो प्लेगमध्ये. 1896 साली मुंबईत मांडवीला डॉ. व्हिएगस यांनी प्लेग ओळखला, पुढच्या वर्षी पुण्यात काय झालं ते तुम्हा सर्वांना पाठच आहे. उंदीर आणि त्याच्या पिसवा यांचं नातं पटायला पुढची काही वर्षं गेली. ते पटल्यावर अमरावतीला असलेले बुकॅनन नावाचे लष्करी डॉक्टर म्हणू लागले, की मांजरं पाळा. ज्या गावात मांजरं भरपूर तिथे प्लेग कमी, असं त्यांचं निरीक्षण होतं. 1908 साली त्यांनी इंग्लंडच्या वैद्यकीय नियतकालिकात त्यावर लेखही लिहिला. (मांजरालाही प्लेग होतो आणि त्याच्याकडून माणसाला होऊ शकतो, हे पुढे अमेरिकेत नोंदलं गेलं. म्हणजे उपाय वाटला तितका निर्धोक नव्हता.) पण इथेही मांजराचं कौतुक उंदीर मारण्यापुरतंच. मांजर स्वतः आजारी पडलं तर काय, हा प्रश्न कुणाच्या कागदावर नव्हता.

आमच्या ठमीचं सांगते. दोन वर्षांपूर्वी श्रावणातल्या पावसात सोसायटीच्या पार्किंगमध्ये एका स्कूटरखाली ती सापडली. वय जेमतेम पाच आठवडे. दोन्ही डोळे चिपडांनी बंद, नाक चोंदलेलं, श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज. पशुवैद्यांनी तपासलं आणि म्हणाले, "आजी, औषध मी देतो, पण ही वाचली तर तुमच्या निगराणीनं वाचेल." नाशिकच्या वन्संना फोनवर सांगितलं तर त्या हसल्याच. "मांजराला कसली गं सर्दी!"

पण मांजराची सर्दी ही आपल्या सर्दीसारखी सात दिवसांची गंमत नाही. मांजर वासावर जेवतं. नाक बंद झालं की समोर ठेवलेलं अन्न त्याच्या लेखी अन्नच नसतं. जिभेवर फोड आले असतील तर आणखीनच कठीण. मोठं मांजर काही दिवस उपाशी राहिलं तर यकृत बिघडतं, आणि एवढंसं पिल्लू तर एका दिवसात गळून जातं. म्हणजे जीव सर्दीनं जात नाही, सर्दीमुळे होणाऱ्या उपासानं जातो.

मग आमच्या घरात दवाखाना उघडला. सकाळ-संध्याकाळ न्हाणीघराचं दार लावून गरम पाण्याचा नळ सोडायचा आणि त्या वाफेत तिला मांडीवर घेऊन दहा-पंधरा मिनिटं बसायचं. पाण्यात काही घालायचं नाही. शेजारच्या काकूंनी प्रेमानं कापूर-निलगिरीचं मलम आणून दिलं होतं, पण डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं की कापूर मांजराला विषासारखा. डोळे कोमट सलाइनमध्ये बुडवलेल्या कापसानं पुसायचे, आणि एका डोळ्याचा बोळा दुसऱ्याला लावायचा नाही. कुशीला फडक्यात गुंडाळलेली गरम पाण्याची पिशवी. दर दोन-तीन तासांनी पिल्लांसाठी मिळणारं पावडरचं दूध, गायीचं नव्हे. स्वयंपाकघरातल्या काट्यावर रोज वजन, आणि ते कॅलेंडरवर लिहायचं.

पहिले दोन दिवस वजन उतरत गेलं. तिसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, उग्र वासाचं काहीतरी गरम करून नाकाशी धरा, मासळी उत्तम. आमच्या घरात आजवर अंडंदेखील शिजलं नव्हतं. मी काही बोलायच्या आत आमचे हे पिशवी घेऊन निघाले, आणि अर्ध्या तासानं बाजारातून मासळी घेऊन आले. बिनमिठाची, बिनकांद्याची, नुसत्या पाण्यात उकडलेली ती मासळी मी खिडक्या उघड्या टाकून बोटानं कुस्करली. ठमीनं नाक हलवलं. मग जीभ बाहेर आली. चमचाभर खाल्लं असेल. यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "ते भांडं आता वेगळं ठेव हो."

ती सावरल्यावर माझ्यातली मास्तरीण जागी झाली. हा आजार पहिल्यांदा ओळखला कुणी? शोधत गेले तर पुन्हा तोच अनुभव. मांजरासाठी म्हणून सुरुवात झालीच नव्हती. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात माणसांतल्या एका वेगळ्याच न्युमोनियाचं कारण डॉक्टर शोधत होते. अमेरिकेत प्रिन्स्टन इथे बेकर नावाच्या शास्त्रज्ञांना 1942 साली न्युमोनिया झालेल्या मांजरांत एक जंतू सापडला, आणि माणसांचा आजार यातूनच येतो का, असा त्यांचा प्रश्न होता. तो तसा येत नव्हता. पण त्यानंतर बरीच वर्षं मांजराच्या सर्दीला हाच जंतू मुख्यतः जबाबदार धरला गेला.

खरे आरोपी सापडले ते पोलिओच्या कृपेनं. 1949 साली एंडर्स, वेलर आणि रॉबिन्स यांनी पोलिओचा विषाणू काचपात्रातल्या पेशींवर वाढवून दाखवला. तेव्हापासून विषाणू शोधणं पुष्कळ सोपं झालं. 1957 साली न्यूझीलंडमध्ये फास्टियर यांना मांजरातला एक विषाणू मिळाला, तो कॅलिसी. सूक्ष्मदर्शकाखाली त्याच्यावर पेल्यासारखे खळगे दिसतात म्हणून पुढे हे नाव. जिभेवरचे फोड याचेच. 1958 साली अमेरिकेत क्रँडेल आणि मौरर यांना दुसरा मिळाला, तो हर्पिसच्या कुळातला. मांजराच्या सर्दीत बहुतेक वेळा या दोघांपैकी कुणीतरी असतो. दोघेही माणसाला होत नाहीत, हे वन्संसाठी मुद्दाम लिहिते. 1970च्या दशकात दोन्हींवर लस आली. लशीनं आजार टळतोच असं नाही, पण जिवावरचं बोटावर निभावतं.

ठमीला दिलेलं औषध डॉक्सिसायक्लिन. ते विषाणूवर नव्हे, मागून घुसणाऱ्या जिवाणूंवर. याचं घराणं शोधलं तर फारच आनंद झाला. या कुळातलं पहिलं औषध, ऑरिओमायसिन, 1948 साली अमेरिकेतल्या लेडर्ले कंपनीत पुढे आलं, आणि तिथल्या संशोधनाचे प्रमुख होते आपल्या भीमावरमचे यल्लाप्रगडा सुब्बाराव! त्याच वर्षी ते गेले. ही गोळी घशात अडकली तर अन्ननलिका भाजते, म्हणून मागून पाणी पाजावंच लागतं. आम्ही ते सिरिंजनं पाजत असू.

आणि आपल्या घरोघरी असणारी तापाची गोळी, पॅरासिटामॉल, मांजराला प्राणघातक आहे. चतकोरसुद्धा. ती पचवायला लागणारं एक जनुक मांजराच्या अंगात आहे, पण मोडकं, हे 2000 साली सिद्ध झालं. मांसावर जगणाऱ्या पूर्वजांना वनस्पतींतली विषं पचवायची फारशी गरज पडली नाही, म्हणून ते मोडलं असावं, असा एक तर्क आहे. उलट लायसिन नावाची पूड अनेक वर्षं मांजराच्या सर्दीवर सर्रास दिली जाई. 2015 साली सगळे प्रयोग एकत्र तपासले, तेव्हा तिचा उपयोग होतो असं काही दिसलं नाही.

हर्पिस कुळातले विषाणू एकदा आले की जात नाहीत. आपल्या कांजिण्यांचा विषाणू जसा मज्जातंतूंत दडून बसतो आणि म्हातारपणी नागीण होऊन बाहेर येतो, तसाच हाही. ठमी आता चांगली पावणेचार किलोची आहे. पण गणपतीत घर पाहुण्यांनी भरलं, किंवा शेजारी फटाके वाजले, की आठवड्याभरात तिचा डावा डोळा पाणावतो. मग हे न बोलता पिशवी घेऊन बाजारात जातात. ते वेगळं भांडं गॅलरीत, तुळशीच्या मागे असतं.