मातलेच्या काठचा हिशेब

सुंदरबन पाहावयास निघालेला प्रवासी बहुधा कलकत्त्याहून आगगाडीनें कॅनिंग स्टेशनावर उतरतो आणि लागलीच गोसाब्याच्या वाटेस लागतो. ज्या गांवांतून आपण घाईघाईनें जात आहों तेथें एके काळीं कलकत्त्याला मागें टाकणारें बंदर उभें राहावयाचें होतें, हें त्याला कोणी सांगत नाहीं. आणि सांगितलें तरी वाघाच्या ओढीनें निघालेल्या माणसाला मोडक्या बंदराचें काय कौतुक? परंतु कांदळवनांतील पर्यटनापासून लाभ किती व हानि किती, अशी जी चर्चा हल्लीं चालते तिचा आरंभ याच गांवापासून केला पाहिजे, असें मला वाटतें.

हुगळी गाळानें भरून आपला व्यापार बुडेल, अशी धास्ती १८५० च्या सुमारास कलकत्त्याच्या व्यापाऱ्यांना पडली. मातला नदीचें पात्र खोल होतें. तेव्हां तिच्या काठीं जंगल तोडून नवें बंदर वसवावें, असा बेत निघाला. मातला म्हणजे मातलेली. मराठी कानाला तर या नांवांतला इशारा समजावून सांगण्याचीहि गरज नाहीं. हेन्री पिडिंग्टन नांवाचा एक वादळांचा अभ्यासक त्या वेळीं कलकत्त्यास होता. ‘सायक्लोन’ हा शब्द त्यानेंच १८४८ सालीं प्रचारांत आणला. त्यानें १८५३ मध्यें गव्हर्नर-जनरल डलहौसी यांस उद्देशून जाहीर पत्र लिहिलें, आणि या जागेवर केव्हां तरी समुद्राची लाट चढून येईल व सारी वस्ती धुऊन नेईल, असें बजावलें. त्याचें ऐकतो कोण? १८६२-६३ मध्यें रेल्वे आली, १८६५ मध्यें पोर्ट कॅनिंग कंपनी निघाली. त्या दिवसांत आमच्या मुंबईंत कापसाच्या पैशाला ऊत आला होता. बॅकबेच्या शेअरांच्या जोडीला पोर्ट कॅनिंगचे शेअरहि येथील लोकांनीं चढाओढीनें घेतले. ज्यांनीं मातला कधीं डोळ्यांनीं पाहिली नव्हती, त्यांनीं तिच्या काठचा चिखल विकत घेतला! मुंबईचा बाजार त्याच वर्षीं जुलैंत बसला. बंदराची पाळी १८६७ च्या नोव्हेंबरांत आली. पुरुषभर उंचीचें पाणी गांवावरून गेलें, आणि पुढें चार-पांच वर्षांत सरकारनें बंदराचा नाद सोडून दिला. पिडिंग्टन हें पाहावयास राहिला नव्हता. तो १८५८ मध्येंच वारला होता.

कंपनीचे लोक कांहीं मूर्ख नव्हते. त्यांच्या जमाखर्चांत गोदी, धक्का, जमीन या साऱ्यांच्या किंमती होत्या. उभ्या वनाची मात्र किंमत नव्हती. वन तोडणें म्हणजे जमीन मोकळी होणें, म्हणजे नफा. त्या चिखलांतून वर डोकावणारीं श्वासमुळें गाळ धरून ठेवतात, लाटेचा जोर मोडतात, आणि मासळीचीं व खेकड्यांचीं पिलें त्यांच्याच आडोशाला वाढतात; या कामाची पावती कोणी फाडीत नाहीं, म्हणून तें काम वहींत चढत नाहीं.

१८७५ पासून सरकारनें वन राखून ठेवण्यास आरंभ केला खरा, पण तो मुख्यतः लांकडासाठीं. सुंदरीचें लांकूड होड्यांना उत्तम. पुढें १९७३ मध्यें व्याघ्रप्रकल्प आला आणि वनाची किंमत वाघांवरून ठरूं लागली. या नव्या मोजणींत माणूस सुटला. पूर्व बंगालमधून आलेल्या ज्या निर्वासितांना दंडकारण्यांत धाडलें होतें, त्यांतील हजारों लोक १९७८ मध्यें परत फिरून मरिचझापी या राखीव बेटावर येऊन राहिले. पुढल्या वर्षीं सरकारनें बेटाची नाकेबंदी करून त्यांना पोलिसांकरवीं हुसकून लावलें. किती माणसें मेलीं याचा वाद अजून मिटलेला नाहीं. कंपनीनें वन विसरून पैसा मोजला, सरकारनें माणूस विसरून वन मोजलें. यांत अधिक दोषी कोण, हें मला ठरवितां येत नाहीं.

१९८४ मध्यें राष्ट्रीय उद्यान व १९८७ मध्यें जागतिक वारसा अशी मान्यता मिळाल्यावर पर्यटक वाढले. या शतकाच्या आरंभीं सहारा समूहानें तरंगत्या हॉटेलांची आणि जलक्रीडांची एक प्रचंड योजना आणली. कादंबरीकार अमिताव घोष यांनीं २००४ मध्यें तिच्याविरुद्ध लेखणी उचलली. पुढें ती योजना बारगळली. मला तिच्यांत पोर्ट कॅनिंगचाच दुसरा अवतार दिसतो.

म्हणून पर्यटनच नको, असें म्हणणारांशीं मात्र माझें जमत नाहीं. भारतांतील सुंदरबनांत १०२ बेटें. त्यांपैकीं ५४ बेटांवर वस्ती. भोवतालचा मुलूख धरून सुमारें ४५ लाख लोक तेथें राहतात, आणि मातीच्या साडेतीन हजार किलोमीटर बांधाच्या आधारानें जगतात. मध, मासळी व खेकडे यांसाठीं त्यांना बनबीबीचें नांव घेऊन वाघाच्या तोंडीं जावें लागतें. परवान्यावांचून गेलेला माणूस मेला तर त्याच्या विधवेला भरपाई मिळणें कठीण. अशा घरांतील मुलगा होडीवर वाटाड्या झाला तर वनालाहि बरें आणि घरालाहि बरें. पर्यटकांनीं वाटाड्या घेतला पाहिजे असा नियम आहे, प्रवेशशुल्कांतील कांहीं भाग गांवच्या समित्यांना मिळतो. हें चांगलेंच झालें. परंतु पुष्कळशा सहली कलकत्त्यांतच ठरतात आणि पैसेहि तेथेंच भरले जातात. हिंवाळ्यांत सजनेखालीच्या आसपास इंजिनाच्या होड्यांची जी गर्दी उसळते, तिच्या लाटा नदीकाठाला लागतात. बांध फुटला तर खारें पाणी शिरतें तें गांवकऱ्याच्या भातांत. होड्या किती सोडाव्या हें ठरवितांना या गांवकऱ्याचें मत प्रथम घ्यावें, आणि होडीच्या भाड्यांतून बांधाचा खर्च आधीं वेगळा काढावा, एवढें माझें मागणें आहे. होड्या त्यामुळें थोड्या कमी झाल्या तर होऊं द्या.

२० मे २०२० रोजीं अंफान वादळ आलें. ठिकठिकाणीं बांध फुटले. राज्य सरकारनें पांच कोटि कांदळरोपें लावण्याचें जाहीर केलें, आणि गुडघाभर चिखलांत उतरून तीं लावण्याचें काम बव्हंशीं गांवच्या बायकांनीं केलें. करोनाच्या टाळेबंदीमुळें तेव्हां पर्यटकांच्या होड्या काठाला बांधलेल्या होत्या, आणि शहरांतून परतलेले मजूर खेकडे धरावयास पुन्हां वनांत शिरूं लागले होते.