गुंजी–खानापूर परिसर : पाणी व अन्नसुरक्षेचे नियोजन

कर्नाटकातील बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्याचा घाटमाथ्यालगतचा, बहुतांशी मराठीभाषक प्रदेश. गुंजी हे त्यातील प्रमुख गाव बेळगाव–लोंढा लोहमार्गावर असून तेथील माऊली देवीचे देवस्थान प्रसिद्ध आहे. वर्षाचा जवळजवळ सगळा पाऊस चार महिन्यांत पडतो आणि उतारावरून वाहून जातो. त्यामुळे अतिवृष्टीच्या या पट्ट्यातही उन्हाळ्यात पाणीटंचाई जाणवते. पाणी उगमाकडे अडवणे व त्याच्या बेताने पिके घेणे, हे येथील नियोजनाचे मुख्य सूत्र आहे.

जलव्यवस्था : एकाच तालुक्यातून तीन खोऱ्यांत पाणी जाते. कणकुंबी येथे सुमारे ७९२ मी. उंचीवर उगम पावणारी मलप्रभा पूर्वेकडे वाहत जाऊन कूडलसंगम येथे कृष्णेला मिळते. म्हादई पश्चिमेकडे गोव्यात उतरते. लोंढ्याकडील पांढरी नदी काळी नदीला मिळते. कणकुंबीच्या बाजूला वार्षिक पाऊस ३,००० मिमीच्या पुढे जातो. पूर्वेला नवलगुंद–सौंदत्तीकडे तो ६०० मिमीच्या आसपास राहतो. २०११ मध्ये घोषित झालेल्या भीमगड अभयारण्याचे जंगल हे या उगमांचे नैसर्गिक पाणलोट संरक्षण होय.

पाणीवाटप : सौंदत्ती तालुक्यातील नविलुतीर्थ येथील मलप्रभा धरणाची साठवणक्षमता सुमारे ३७.७ टीएमसी आहे (१ टीएमसी म्हणजे सुमारे २.८३ कोटी घनमीटर). त्याच्या लाभक्षेत्रात पाणी व सुधारणाकर यांवरून १९८० मध्ये नरगुंद–नवलगुंदचे शेतकरी आंदोलन पेटले. म्हादईचे पाणी कळसा व भांडुरा नाल्यांतून मलप्रभेत वळवण्याच्या योजनेवरून कर्नाटक व गोवा यांच्यात दीर्घ तंटा झाला. २०१० मध्ये नेमलेल्या लवादाने १४ ऑगस्ट २०१८ रोजी कर्नाटकाला १३.४२, गोव्याला २४ व महाराष्ट्राला १.३३ टीएमसी पाणी दिले. कर्नाटकाच्या वाट्यात कळसा १.७२, भांडुरा २.१८, खोऱ्यातील वापर १.५० आणि जलविद्युत ८.०२ टीएमसी अशी विभागणी आहे. वळवायचे पाणी मुख्यतः हुबळी–धारवाड व खालच्या भागाच्या पिण्यासाठी आहे. उगमाकडील गावांची भिस्त विहिरी, नाले व नदीवरील बंधाऱ्यांवरच राहते.

हवामानबदल : पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेतील संशोधकांच्या २०१७ मधील अभ्यासानुसार १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात व्यापक अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. बेळगाव जिल्ह्याने ऑगस्ट २०१९ मध्ये महापूर अनुभवला. २०२३ मध्ये कर्नाटकाने २३६ पैकी २२३ तालुके दुष्काळग्रस्त जाहीर केले. केवळ सरासरी पावसावर बेतलेली योजना अशा दोन टोकांपुढे अपुरी पडते.

पीकपद्धती : भात हे मुख्य पीक. ते दोन प्रकारे घेतात : वळवानंतर कोरड्या मातीत केलेली धूळवाफ पेरणी आणि चिखल करून केलेली रोप लावण. धूळवाफेला तरवा व चिखलणीचे पाणी लागत नाही. मात्र पेरणीनंतर पाऊस लांबला तर दुबार पेरणीची पाळी येते आणि तणामुळे भांगलणीचा खर्च वाढतो. लावणीला ऐन वेळी भरपूर पाऊस हवा असतो. दोन्ही पद्धती राखल्यास जोखीम विभागली जाते. धारवाडजवळील मुगद येथील संशोधन केंद्र पेरणीच्या भातासाठी ओळखले जाते. माळावर नाचणी व रताळी होतात. रताळ्यांना बेळगावची बाजारपेठ आहे. जेथे पाणी मिळते तेथे ऊस वाढला आहे. त्यातून रोख पैसा येतो, पण उन्हाळ्यात पिण्याच्या पाण्याशी स्पर्धा उभी राहते. रानडुकरे व गव्यांकडून होणारी नासाडी हीही जंगलकाठच्या अन्नसुरक्षेची बाब आहे.

नियोजनाचे उपाय : पावसाचा जोर ओसरताच बंधाऱ्यांना फळ्या घालणे हा सर्वांत स्वस्त उपाय होय. फळ्या लवकर घातल्यास परतीच्या पावसाच्या पुराने बंधाऱ्याला धोका पोहोचतो, उशीर झाल्यास नदीचा प्रवाह आटलेला असतो. म्हणून फळ्या, त्यांची देखभाल व जबाबदार माणूस पावसाळ्यापूर्वीच ठरवावा लागतो. तळ्यांतील गाळ काढून तो शेतात पसरणे, उतारावर समपातळी चर खोदणे, झऱ्यांच्या माथ्यावरील झाडी राखणे आणि भातानंतर जमिनीतील ओलीवर कडधान्ये घेणे, हे इतर उपाय आहेत. मादागास्करमध्ये १९८० च्या दशकात विकसित झालेल्या भातलागवडीच्या ‘श्री’ पद्धतीत कोवळी रोपे विरळ लावून पाणी आलटूनपालटून देतात. पाण्याच्या निचऱ्यावर ताबा असलेल्या खाचरांतच ती उपयोगी पडते.

अन्नसुरक्षा कायदा (२०१३) व कर्नाटकाची अन्नभाग्य योजना यांमुळे रेशनचे धान्य घरी पोहोचते. तरी नाचणी, कडधान्ये व भाजीपाला यांची उपलब्धता स्थानिक शेतीवरच अवलंबून राहते. त्यामुळे ग्रामपंचायतीच्या आराखड्यात पिण्याचे पाणी, पिकांची गरज व उन्हाळ्याअखेरचा शिल्लक साठा यांचा हिशेब एकत्र मांडणे आणि नवा ऊस लावण्यापूर्वी तो पाहणे आवश्यक ठरते.